होडीला हात लावला की बाद

मंगळवार, ९ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, जे जे तोंडात जाईल ते रोज लिहून काढा. म्हणून ही डायरी. सुरुवात कालपासून करतो, कारण कालच्या प्रकारामुळेच डॉक्टरांकडे जावं लागलं.

काल तोंडात गेलं ते असं: चार पाव, लोणी, तीन अंडी, दुपारी भात आणि बटाटे, चार वाजता केक, पाच वाजता उरलेला केक, आणि अख्ख्या गल्लीसमोर अपमान. शेवटच्यात साखर किती असते ते डॉक्टरांनी सांगितलं नाही.

मी कुलूपवाला. लोकांच्या किल्ल्या आत राहतात, दार धाडकन लागतं आणि मग त्यांना माझी आठवण होते. काल एका आजींचं असंच झालं. कुलूप जुनं आणि चिवट. ड्रिल लावतो म्हटलं तर आजी रडायला लागल्या, म्हणाल्या, दार माझ्या नवऱ्याने बसवलंय. तळमजला होता, न्हाणीघराची खिडकी उघडी होती. मी म्हटलं, काळजी नको, खिडकीतून जातो. डोकं गेलं, खांदे गेले. पोट म्हणालं, तुम्ही व्हा पुढे.

मग आत ना बाहेर. समोर पेल्यात आजींची कवळी. ती माझ्याकडे बघून हसत होती, मी तिच्याकडे बघून घामाघूम. बाहेरच्या अर्ध्या भागाभोवती लोक जमले. ताई सपाता घालून धावत आली, तिनेच अग्निशमनवाल्यांना फोन केला. ते येईपर्यंत माझा घोटा धरून उभी होती आणि खिडकीबाहेरून ओरडत होती, "छोटू, श्वास घे! छोटू, बोलत राहा!" अग्निशमनवाल्यांनी साबणाचं पाणी ओतलं आणि पाय ओढले. आधी त्यांच्या हातात माझी पँट आली, मग मी.

डॉक्टरांच्या काट्यावर एकशे अठरा किलो. रक्ताचा अहवाल बघून ते म्हणाले, "हे रक्त नाही हो, पाक आहे." ताई तिथेही रडली.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. भावजी गेले तेव्हा मी तिला माझ्याकडे ठेवून घेतलं, त्याला आता नऊ वर्षं झाली. दंतवैद्याकडे पुढच्या टेबलावर बसून लोकांना नंबर देते. मी आहे म्हणून निभावतंय बिचारीचं.

गुरुवार, ११ जानेवारी

ताईने ठरवलं आहे: मी पोहायचं. तलावावर एक पोहण्याचा क्लब आहे. शाळेत खेळ शिकवायचे ते एक सर निवृत्त झाल्यापासून तो चालवतात. एप्रिलमध्ये तलाव आरपार पोहायची तीन किलोमीटरची स्पर्धा असते, तीत मी उतरायचं. मी म्हटलं, मी उतरलो तर तलावातलं पाणी बाहेर येईल. ताई हसली नाही.

तिला सरांचं वेळापत्रक तोंडपाठ होतं. रोज सकाळी ती तलावाला फेरी मारते, तिथल्या पाटीवर वाचलं असणार. पाटी भलतीच तपशीलवार दिसते. सरांची बायको चार वर्षांपूर्वी गेली, डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय आणि त्यांना गर्दी आवडत नाही, हेसुद्धा ताईला माहीत आहे.

रविवार, १४ जानेवारी

सर म्हणजे एक बगळा. लांब पाय, लांब मान, आणि पाण्याच्या कडेला एका जागी तासभर न हलता उभं राहायची सवय. मला चड्डीवर बघून सहसा लोकांचा चेहरा बदलतो. याचा बदलला नाही. एवढंच म्हणाला, "छान. चरबी तरंगते. निम्मं काम तुम्ही आधीच करून आलाय."

लहानपणी थोडंफार पोहायचो, म्हणून बुडलो नाही. पण पाण्यात ओळीने रोवलेल्या बांबूंच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईतो छातीत लोहाराचा भाता सुरू झाला. शेजारून एक सत्तरीची बाई गप्पा मारत मारत पुढे गेली. कुणाशी गप्पा मारत होती देव जाणे, एकटीच होती.

बाहेर आल्यावर बगळा म्हणाला, "तुम्ही पाण्याशी भांडता. त्याने काय केलंय तुमचं?" मग थर्मासमधून चहा ओतला. एक कप स्वतःला, एक ताईला. मला म्हणाला, तुम्ही पाणी प्या. पोटात अर्धा तलाव होता, तरी पाणी प्या!

बुधवार, ३१ जानेवारी

आज महाभांडण.

दुकानात किल्ली कापायच्या यंत्राखाली एक खण आहे. त्यात कोऱ्या किल्ल्या असतात आणि त्यांच्या मागे क्रीमची बिस्किटं असतात. असायची. ताई सुटे पैसे मागायला आली आणि नेमका तोच खण उघडला. तिने पुडा बाहेर ओढला. एकेक बिस्किट काढून पायाखाली चिरडलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्याने स्वतःची किल्ली तशीच ठेवली आणि नंतर येतो म्हणून सटकला.

मी म्हटलं, "ताई, बिस्किटच आहे, चरस नाही."

"तुला काय वाटतं, मी कशासाठी पहाटे उठून तुझं सगळं करते? छोटू, तू असाच राहिलास तर मी जन्मभर…"

मग खाली बसून चुरा भरायला लागली. मी भरतो म्हटलं, तर मला वाकता येईना. ते तिला दिसलं. मला वाटतं तिला त्याचंच जास्त लागलं.

वाक्य तिने पुरं केलं नाही, पण मला कळलं. मी असाच राहिलो तर मरेन आणि ती जन्मभर एकटी पडेल. तिला माझ्याशिवाय आहे कोण? आजपासून बिस्किट बंद. निदान क्रीमचं.

रविवार, १८ फेब्रुवारी

बगळा आज घरी जेवायला आला. खेळाडूचा आहार प्रत्यक्ष पाहायचा म्हणे. म्हणजे मी आता खेळाडू! सात किलो उतरलेत. पट्ट्याला नवं भोक पाडलं, तेही माझ्याच यंत्रावर.

आहार बघायला आलेल्या माणसाने आहाराकडे फारसं बघितलं नाही. कोबीचं सूप दोनदा घेतलं. जगात कोबीचं सूप दोनदा घेणारा मी पाहिलेला हा पहिलाच माणूस. स्वयंपाकघरातला गळका नळ त्याने न सांगता दुरुस्त केला. तो नळ मी सहा महिने करणार होतो. ताईने केस रंगवलेत, शिवाय निळे कानातले घातले होते. पाहुणा येणार म्हटलं की तिचा उत्साह असाच. आपलं घर टापटीप आहे हे दिसावं म्हणून.

चहाच्या वेळी मी साखरेचा डबा पुढे सरकवला. ताई पटकन म्हणाली, "नको, यांना साखर चालत नाही." मग एकदम लाल झाली आणि गाळणं धुवायला गेली. 'यांना' म्हणजे मला, हे उघडच आहे, चालत नाही तर मलाच चालत नाही. पण एवढं लाजायचं काय त्यात? मधुमेह काही लांच्छन नाही.

बगळ्याने बिनसाखरेचाच घेतला. माझ्यासोबत म्हणून. माणूस तसा मनाने चांगला आहे.

शनिवार, ९ मार्च

एक किलोमीटर! न थांबता!

मधेच केव्हातरी भांडण मिटलं. पाण्याशी. हात आपोआप जायला लागले, कानात नुसता बुडबुड आवाज, आणि कितीतरी वेळ मी जेवणाचा विचार केला नाही. असं याआधी फक्त भूल दिल्यावर झालं होतं.

ताई आता होडीत बसते. जी बाई बादलीत पाणी जास्त भरलं तरी घाबरायची, ती! तिचं म्हणणं, तुझ्याकडे लक्ष ठेवायला कुणीतरी हवं. लक्ष ठेवायला ठेवते का ते मात्र सांगता येत नाही. मी दोनदा मान वर काढून पाहिलं. दोन्ही वेळा बगळा तिला वल्हं कसं धरायचं ते शिकवत होता. तिचे दोन्ही हात धरून. मी काठाला पोचून कपडे घालून आलो तरी शिकवणं चालूच. ताई या बाबतीत जरा मंद आहे वाटतं. दंतवैद्याकडचा कॉम्प्युटर ती दोन दिवसांत शिकली होती.

काठावर बगळा म्हणाला, "आज घरी केक करा." ताई म्हणाली, "केक?" तो म्हणाला, "एक तुकडा. माणूस आहे तो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तलावाचं असेल.

मंगळवार, २६ मार्च

आज ताईला कामावर जायचं होतं, मी आणि बगळा दोघंच. माझा सराव झाल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. बगळेच ते. मग म्हणाला, "एक विचारू? तुमच्या ताई तुमच्याशिवाय राहू शकतील?"

मी म्हटलं, "छे! एक दिवस नाही. माझ्यावाचून तिचं पानही हलत नाही. म्हणून तर मी लग्न केलं नाही." (लग्न न होण्याला आणखीही कारणं होती. त्या मुली आता सुखात आहेत.)

तो म्हणाला, "असं होय," आणि उठला. मग मला आणखी सहा फेऱ्या मारायला लावल्या. माझं काय चुकलं?

विचार करतोय, हा इतकी चौकशी का करतो? फी घेत नाही, घरी येऊन नळ दुरुस्त करतो. क्लबच्या सगळ्या दारांना फुकट कुलपं बसवून हवी असतील. सरळ मागितली असती तरी दिली असती.

शनिवार, २० एप्रिल

उद्या स्पर्धा. पोटात गोळा आलाय. पोट लहान झाल्यामुळे गोळा जास्त जाणवतो. वजन एकशे तीन.

दुपारी नियम वाचून दाखवले. नवख्यांना सोबत एकेक होडी मिळते. अडीच तासांची मुदत. होडीतून पाणी देता येतं, धीर देता येतो, पण पोहणाऱ्याने होडीला हात लावला की बाद. नुसतं बोट टेकवलं तरी बाद. माझ्या होडीत बगळा आणि ताई.

ताई गेले दोन आठवडे विचित्र वागतेय. मला भात लावायला शिकवला. कपडे धुवायचं यंत्र चालवायला शिकवलं. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या: 'मीठ', 'पिठीसाखर (हात लावू नकोस)'. लाइटचं बिल कुठे भरायचं ते दोनदा सांगितलं. मी म्हटलं, हे पोहण्यात कुठे उपयोगी पडतं? म्हणाली, "खेळाडूने स्वावलंबी असावं असं सर म्हणतात." सरांचं सगळंच ऐकते हल्ली.

आज माझी पोहायची टोपी ताणून बघताना ती एकदम म्हणाली, "छोटू, उद्या पूर्ण कर हं. काहीही झालं तरी पूर्ण कर." मी म्हटलं, एवढी काय घाई, पुढच्या वर्षी पण असते. तर म्हणाली, "पुढचं वर्ष नको रे." डोळे भरले होते. मला वाटलं, डॉक्टरांनी हिला माझ्याबद्दल काही वेगळं सांगितलंय की काय. विचारायचा धीर झाला नाही.

सोमवार, २२ एप्रिल

काल लिहिता आलं नाही, पेन उचलायला हात वर होत नव्हता. आज होतोय. सगळं लिहितो.

सुरुवात झाली तेव्हा कुणाची लाथ माझ्या नाकावर बसली आणि दहा मिनिटांत पुढे कुणी दिसेना. मागेही कुणी नव्हतं. मी शेवटचा. शेवटच्याला गर्दीचा त्रास नसतो. खुणेचा शेवटचा नारंगी फुगा लांब तरंगताना दिसत होता, तिथून वळून काठ गाठायचा. वारा पडला होता, पाणी आरशासारखं. होडी माझ्या उजव्या बाजूला.

मी श्वास उजवीकडेच घेतो. त्यामुळे मला संभाषण तुकड्यातुकड्यांनी ऐकू आलं. तोंड वर, एक वाक्य. तोंड पाण्यात, बुडबुड.

बगळा: "…आज तरी सांगणार ना त्याला?"

बुडबुड.

ताई: "…बाहेर आला की सांगते म्हटलं ना."

बुडबुड.

बगळा: "…आधी म्हणालीस एक किलोमीटर होऊ दे. मग वजन. आता…"

'म्हणालीस'! माझ्या ताईला हा 'अगं-तुगं' करतो! मी तोंड पाण्यात घालायचंच सोडून दिलं आणि कुत्र्यासारखा मान वर काढून पोहू लागलो. त्यांचं लक्ष नव्हतं.

ताई म्हणाली, "तो खिडकीत अडकला होता हो. मी घरी नसते तर? त्याला असा टाकून लग्न करून तुमच्या घरी नांदायला कशी येऊ? तीन किलोमीटर पोहला, तर मला खात्री पटेल की तो जगेल."

"आणि नाही पूर्ण झालं तर?"

बराच वेळ वल्ह्याचा आवाज.

"तर नाही," ताई म्हणाली.

मी थांबलो. पाठीवर पडून राहिलो. वर आकाश, खाली तलाव, मधे मी आणि माझी अक्कल. निळे कानातले, सूप, नळ, वल्हं, 'यांना'. सगळं एकामागून एक डोक्यात शिरलं आणि एवढं सगळं शिरायला तिथे जागा कशी होती याचं नवल वाटलं. आतापर्यंत रिकामीच असणार.

"छोटू! पेटका आला?" ताई ओरडली. होडी जवळ आली. कड माझ्यापासून हातभर.

खोटं कशाला लिहू. मी हात उचलला. बोट टेकवलं की बाद. बाद झालो की ताई घरी. उद्या सकाळी तीच ताई, तोच चहा, कुणी काही बोलायचं नाही. पेटका आला म्हणालो असतो तर कुणाला कळणार होतं? बगळ्याला कळलं. त्याने माझा हात पाहिला, मग माझे डोळे पाहिले, आणि ओळखलं की मी ऐकलंय. वल्ह्याचा एक फटका मारून तो होडी लांब नेऊ शकला असता. नेली नाही. वल्हं पाण्याबाहेर काढून गुडघ्यांवर आडवं ठेवलं आणि बसून राहिला. नुसता बगळ्यासारखा.

मला त्याचा एवढा राग आला! माणसाने निदान वाईट तरी असावं.

"होडी जरा लांब घ्या, सर," मी म्हटलं. "लाटा तोंडात येतायत."

एकही लाट नव्हती.

उरलेलं अंतर मी शिव्या देत पोहलो. बगळ्याला, ताईला, डॉक्टरांना, त्या आजींच्या नवऱ्याला, ज्याने तसलं दार बसवलं. पाण्यात दिलेली शिवी कुणाला ऐकू जात नाही, नुसता बुडबुडा येतो. भरपूर बुडबुडे आले. काठावर मांडव उतरवायला सुरुवात झाली होती. एक बाई घड्याळ धरून उभी होती, ती म्हणाली, "चार मिनिटं राहिली होती हो!" आणि गळ्यात पदक घातलं. मी गुडघ्यावर आलो आणि तिच्या बुटांवर ओकलो.

ताई टॉवेल घेऊन धावत आली. मला पुसता पुसता म्हणाली, "छोटू, मला तुला एक सांगायचंय."

"कधी जातेयस?"

तिचा हात थांबला.

"पाण्यावर आवाज लांब जातो, ताई. आणि तुम्ही दोघं वर्गात शिकवल्यासारखे बोलता."

ती चिखलात माझ्याशेजारी बसली आणि टॉवेलमध्ये तोंड घालून रडली. माझ्या टॉवेलमध्ये. मी ओलाच. शेवटी म्हणाली, "तू नको म्हण. मी नाही जाणार."

मी तोंड उघडलं. तेच म्हणायचं होतं, असं वाटतं. पण बगळा तिकडे लांब उभा राहून उगाच होडीचा दोर गुंडाळत होता, आणि सोडून परत गुंडाळत होता, आणि बाहेर आलं ते भलतंच.

"त्याला सांग, नळ परत गळतोय," मी म्हटलं. "जाण्याआधी करून दे म्हणावं."

रविवार, १२ मे

आज ताई गेली. परवा कचेरीत सही करून लग्न झालं, साक्षीदार मी. भावजी म्हणायला जीभ वळत नाही, बगळा म्हणता येत नाही, म्हणून सरच म्हणतो.

ताईने नऊ वर्षांत फार काही जमवलं नव्हतं. एक लाकडी कपाट, दोन बॅगा, शिवणयंत्र. कपाट जिन्यावरून उतरवताना सर प्रत्येक मजल्यावर "जरा थांबू या" म्हणत होते, खांद्याचं ऑपरेशन झालेलं ना. शेवटी मी एकट्याने पाठीवर घेतलं. खाली ठेवलं तेव्हा टेंपोवाला म्हणाला, "हमाली करता का?" मला बरं वाटलं.

मी तिला ठेवून घेतलं असं सगळ्यांना सांगत आलोय. त्या वाक्याचं व्याकरण एकदा तपासून घ्यायला हवं, कोण कर्ता नि कोण कर्म ते.

निघताना तिने माझी कॉलर नीट केली. टेंपो निघाला. मी वर आलो, तर खिडकीत तिचा चष्मा. दूरचं बघायचा. तो नसेल तर नव्या घरात तिला समोरची भिंतसुद्धा दिसणार नाही.

उचलला आणि निघालो. जिना, फाटक, गल्ली, मोठा रस्ता. टेंपो सिग्नलला उभा होता, न्हाव्याच्या दुकानाच्याही पुढे. गाठला. काचेवर टकटक केली.

"ताई, तुझा चष्मा राहिला. आणि खोलीतला दिवाही चालूच ठेवला होतास, तो मी बंद केलाय. पोचलीस की फोन कर. जेवायच्या आधी कर, नंतर मी बाहेर असेन."

तिने चष्मा घेतला, पण लावला नाही. माझ्याकडे बघतच राहिली.

"छोटू," ती म्हणाली, "तू घरापासून धावत आलास?"

"मग काय उडत येऊ?"

"आणि एवढं सगळं एका दमात बोललास."

सिग्नल हिरवा झाला. मागचे भोंगे वाजवायला लागले. सरांनी पलीकडून हात हलवला. ताई हसत होती की रडत होती ते मला नीट दिसलं नाही. दूरचं माझंही अलीकडे जरा धूसर झालंय.

परत येताना मात्र चालत आलो. घाई कसलीच नव्हती.